पूर्वतापनाचे खाते

सोमवार, दि. ३० जून २०२५, सकाळी सात वाजून दहा मिनिटे. कराडशेजारच्या मलकापूरजवळ महामार्गालगतच्या पेट्रोल पंपावर नाथाजीराव डुबल यांनी मोटारीची टाकी काठोकाठ भरून घेतली आणि तिथेच उभ्या उभ्या भागाकार केला. महिन्यात गाडी धावली ४६६ किलोमीटर. पेट्रोल लागले, दोन वेळचे मिळून, ३६.१ लिटर. म्हणजे लिटरमागे १२.९. हीच गाडी मार्चपर्यंत सहा वर्षे अठराच्या खाली कधी उतरली नव्हती. मागचा जीपवाला हॉर्नवरून हात काढायला तयार नव्हता, पंपावरचा माणूस "काका, म्होरं घ्या की" म्हणून विनवत होता. नाथाजीरावांनी मात्र भागाकार पुन्हा एकदा केला. उत्तर तेच आले.

नाथाजीरावांचा भागाकार चुकत नाही, हे त्यांच्याशी न पटणाऱ्यांनाही मान्य होते. कराडला तंत्रनिकेतनात घेतलेली पदविका आणि त्यानंतर कृष्णाकाठच्या एका साखर कारखान्यात बॉयलर विभागात काढलेली चौतीस वर्षे, एवढ्या शिदोरीवर त्यांनी जगातील बहुतेक प्रश्न सोडवले होते. बॉयलर हा त्यांच्या लेखी यंत्रांमधला वडीलधारा. दसऱ्याच्या सुमारास बॉयलर पेटवण्याचे अग्निप्रदीपन होई, संचालक मंडळी पूजा करून, नारळ फोडून, फोटो काढून निघून जात. त्यानंतर बॉयलर अंगाअंगाने, सावकाश तापवत नेण्याचे खरे काम नाथाजीरावांकडे असे. थंड यंत्रावर भार टाकणे म्हणजे झोपेतून उठवलेल्या माणसाच्या डोक्यावर पोते देणे, असे ते नव्या मुलांना सांगत. या तापवणीत जो बगॅस, म्हणजे उसाचा चोथा, जळे, तो 'पूर्वतयारी' या वेगळ्या खात्यात पडे. गाळपाच्या गव्हाणीत ऊस पडल्याशिवाय हंगाम सुरू होत नसे, आणि हंगाम सुरू झाल्याशिवाय इंधनाच्या कार्यक्षमतेचा हिशेब सुरू होत नसे. कारखान्याची ही रीत त्यांना इतकी अंगवळणी पडली होती की ती रीत आहे, निसर्गनियम नव्हे, हे कधी त्यांच्या मनात आले नाही.

घरी येऊन त्यांनी निकाल जाहीर केला.

"मार्च महिन्यात अठरा पूर्णांक दोन. एप्रिलमध्ये तेरा पूर्णांक एक. मे, तेरा. जून, बारा पूर्णांक नऊ. एप्रिलमध्ये या घरात नवीन काय घडलं?"

त्यांच्या पत्नी मंगलबाई भाकरी थापत होत्या. त्यांनी हात थांबवला नाही.

"मी गाडी चालवाय लागले."

"मी नाव घेतलं नाही."

"न्हाई, पर महिना घेतला की."

एकसष्टाव्या वर्षी मंगलबाई मोटार चालवायला शिकल्या होत्या, आणि त्यामागे एकच कारण होते. शिराळ्याला त्यांची थोरली बहीण, धोंडुबाई, एकटी राहत होती. चाळीस वर्षे दोघी बहिणी लग्नात नाही तर मयतीत भेटल्या. आता आक्काचे गुडघे एस.टी.ची पायरी चढत नव्हते, आणि नाथाजीरावांना शिराळ्याला न्या म्हटले की त्यांना नेमके त्याच दिवशी काहीतरी तपासायचे असे. मग मंगलबाईंनी शिकवणी लावली, परवाना काढला आणि दर बुधवारी शिराळ्याला जायला लागल्या. येत्या नागपंचमीला, २९ जुलैला, आपण एकट्या गाडी घेऊन माहेरी येणार असे त्यांनी आक्काला सांगितले होते. आक्काने ते सगळ्या गल्लीला सांगितले होते.

"माझा संशय हाफ क्लचवर आहे," नाथाजीराव म्हणाले. "नवशिका माणूस क्लचवर पाय ठेवून गाडी हाकतो. पेट्रोल जळतं, चाकापर्यंत पोचत नाही. सरासरी अठरावर येईपर्यंत किल्ली माझ्याकडे राहील."

"आनि पंचमी?"

"पंचमीला चार आठवडे आहेत. तोपर्यंत निदान होईल."

"आवं, निदान तुमचं व्हईल. माझं काय?"

या प्रश्नाला तांत्रिक उत्तर नसल्यामुळे नाथाजीरावांनी तो नोंदवून घेतला नाही.

इथे एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण नाथाजीरावांना ती सांगण्यासारखी वाटलीच नसती. एप्रिलमध्ये पहिल्या दिवशी मंगलबाईंनी गाडी फाटकातून बाहेर काढताना ती तीनदा बंद पडली होती. समोरच्या घरातली माणसे गॅलरीत आली होती. बाईंचे कान लाल झालेले पाहून नाथाजीरावांना वाईट वाटले. तसे बोलून दाखवण्याची त्यांना सवय नव्हती, त्यांनी तिथल्या तिथे कारण सांगून टाकले, "तुझी चूक नाही. इंजिन थंड आहे." दुसऱ्या दिवसापासून ते सकाळी सहाला अंगणात जात, गाडी चालू करत आणि पंचवीस मिनिटे तापवत ठेवत. तेवढ्यात दिवे, इशारे, वायपर तपासत, बॉनेट उघडून कान लावत, काच पुसत. बाईंना त्या दिवशी कुठे जायचे असो वा नसो, गाडी सज्ज असली पाहिजे, हा त्यांचा दंडक.

"गाडीचं लगीन लागायचंय का?" मंगलबाई एकदा म्हणाल्या होत्या. "रोज उठून हळद लावताय!"

परंतु गाडी त्यानंतर फाटकात फारशी बंद पडली नव्हती, आणि नाथाजीरावांच्या दृष्टीने उपचार तेवढ्याने सिद्ध झाला होता.

तपासाची सुरुवात इलाहीच्या गॅरेजपासून झाली. इलाही शिकलगार हा मलकापुरात वीस वर्षे गाड्या दुरुस्त करणारा बोलका माणूस. नाथाजीराव आले की तो पाना खाली ठेवून सरळ उभा राही, कारण पाना हातात असला की नाथाजीराव तो कसा धरावा ते सांगत. त्याने एअर फिल्टर काढून झटकला, स्पार्क प्लग पाहिले, चारी टायरांत हवा मोजली. जॅकवर चढवून एकेक चाक हाताने फिरवले, ब्रेक कुठे धरतो का पाहिले. उतारावर नेऊन क्लच घसरतो का तेही बघितले.

"साहेब, गाडीत काय न्हाई. इंजिन तर लय ग्वाड चालतंय."

"मग पेट्रोल जातं कुठं?"

इलाहीने डोळा मिचकावला. "तुमच्याच कारखान्याला इचारा की! उसाची दारू पेट्रोलमधी तुमीच घालाय लागलाय. लोकं प्याली तर झिंगत्यात, गाडी काय पळंल व्हय?"

"इथेनॉल!" नाथाजीराव कडाडले. घरच्या माणसावर कुणी आळ घ्यावा तसे त्यांना झाले. "इथेनॉलने फरक पडतो, पण थोडा. पाच किलोमीटरचा नाही. शिवाय ते मार्चमध्येही होतं."

"मग वैनी चालवत्यात त्येचं आसंल," इलाही लगेच म्हणाला. गिऱ्हाइकाला जे ऐकायचे ते कळायला त्याला वेळ लागत नसे. "बायामान्सांचा पाय क्लचवरनं उठतच न्हाई बगा."

हे मत शास्त्रीय नव्हते. पण ते आपल्या मताशी जुळत असल्यामुळे नाथाजीरावांनी ग्राह्य धरले.

पुढला आठवडाभर गाडी फक्त त्यांनीच चालवली. दर सकाळी सहाला ती नेहमीप्रमाणे पंचवीस मिनिटे तापवली, मग मंडई, बँक, कृष्णा नाका, पुन्हा घर. क्लचला पाय असा लावला की जणू फुलाला लावावा. सातव्या दिवशी पंपावर भागाकार केला : १०४ किलोमीटर, ८ लिटर. लिटरमागे बरोबर १३.

मंगलबाईंना आकडा ऐकून हसू आवरेना. "म्हंजी तुमचा पायबी बायामान्साचाच निघाला!"

"तसं नाही," नाथाजीराव गंभीरपणे म्हणाले. "तीन महिने चुकीच्या पद्धतीने चालवल्यावर यंत्राला एक सवय लागते. ती एका आठवड्यात जात नाही."

"गाडी हाय का रेडकू हाय, सवय लागाय?"

याच सुमारास सांगलीहून मुलीचा फोन आला. संयोगिता विश्रामबागेत एका अपार्टमेंटमध्ये राहत होती. तिचा पाय मुरगळला होता आणि घरात दोन माणसे आलेली तिला हवी होती. आई-वडील पेट्रोल भरून निघाले. वाटेत इस्लामपूरपर्यंत नाथाजीराव, पुढे संयोगिताच्या फोनवरच्या आग्रहामुळे मंगलबाई. किल्लीची बंदी 'प्रयोगापुरती' शिथिल करण्यात आली. अट एकच, नाथाजीराव डाव्या बाजूला बसतील.

सांगलीत पहिल्याच सकाळी सहा वाजता त्यांनी खालच्या पार्किंगमध्ये गाडी चालू केली. चार मिनिटे झाली नसतील, तळमजल्याची खिडकी उघडली आणि पदर सावरत अख्तरबी तांबोळी बाहेर डोकावल्या. सत्तरीच्या बाई, आवाज मात्र खणखणीत.

"ओ भाऊ! जायचं कुठं?"

"कुठं नाही. गाडी तापवतोय."

"जायचं न्हाई, तर तापवताय कशाला? धूर सगळा माझ्या चुलीपाशी यायला लागलाय. गाडी चालवायची तर चालवा, न्हाईतर झोपू द्या बिचारीला. नुसतीच काय बडबडायला लावलीय!"

नाथाजीरावांनी बॉयलर, भार आणि धातूचे प्रसरण यांविषयी दोन वाक्ये सांगून पाहिली. अख्तरबींनी दोन्ही ऐकून घेतली आणि खिडकीतूनच सोसायटीच्या चेअरमनला हाक मारली. चेअरमन बनियनवर खाली आले. पाहुण्यांमुळे संयोगिताला बोल लागू नये म्हणून नाथाजीरावांनी गाडी बंद केली, आणि ते तिथे होते तोपर्यंत पुन्हा तापवली नाही. मनातून मात्र त्यांना गाडीची कीव येत होती. रोज सकाळी मंगलबाई संयोगिताला घेऊन निघत, थंडगार इंजिनावर. कधी मिरजेला डॉक्टरांकडे, कधी गणपतीला, कधी उगाच आयर्विन पुलावरून कृष्णेचे पाणी बघायला. नाथाजीराव शेजारी बसून "दुसरा टाक, आता तिसरा, पाय काढ, पाय काढ" असे म्हणत राहत.

"बाबा," मागच्या सीटवरून संयोगिता एकदा म्हणाली, "आई गाडी चालवतीय, का तुम्ही आईला चालवताय?"

"तिसरा टाक," नाथाजीराव म्हणाले.

परत आल्यावर त्याच पंपावर टाकी भरली. ३३४ किलोमीटर, १८ लिटर. भागाकार : १८.६.

नाथाजीरावांनी आकडा दोनदा मोठ्याने वाचला. एवढा आनंद त्यांना याआधी बॉयलर तपासनिसाने पाठ थोपटली तेव्हा झाला होता. घरी येताना त्यांनी निष्कर्ष सांगितला : गाडी निर्दोष आहे, मंगलही शिकवण्यासारखी आहे, फरक पडला तो देखरेखीमुळे. ते शेजारी बसले की क्लचवरचा पाय उचलला जातो. तेव्हा यापुढे मंगलने गाडी खुशाल चालवावी, फक्त ते बरोबर असतील.

"पंचमीलाबी?"

"पंचमीलाही."

मंगलबाईंच्या डोळ्यांपुढे ती पंचमी आली. पंचमीला माहेरी जायचे म्हणजे चार बायांत बसायचे, झोका खेळायचा, मेंदीच्या हाताने आक्काच्या ताटातले खायचे. आणि गल्लीच्या तोंडाशी, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत, नवरा डावीकडून "पाय काढ" म्हणणार. त्यापेक्षा एस.टी. बरी, असे त्यांनी फोनवर आक्काला सांगितले. ते नाथाजीरावांनी ऐकले. ऐकले नाही असे दाखवले.

देखरेखीचा आठवडा सुरू झाला. घरी येताच सकाळची तापवणी पुन्हा चालू झाली. सांगलीत गाडीचे हाल झाले म्हणून आता मिनिटे पंचवीसची तीस केली. दिवसभर मंगलबाई चालवत, नाथाजीराव शेजारी. रविवारी संध्याकाळी भागाकार : १२.६.

आता मात्र नाथाजीरावांचे जेवण गेले. गाडी तीच, बाई तीच, देखरेख तीच, पंप तोच. सांगलीत अठरा आणि कराडात बारा, असा भेद कोणत्याही पुस्तकात नव्हता. चौतीस वर्षांत त्यांनी ज्या दोषाचे कारण सापडले नाही असा दोष पाहिला नव्हता. रात्री त्यांनी मान खाली घालून सांगितले, "मंगल, पंचमीला एस.टी.नेच जाऊ. कारण कळल्याशिवाय मी गाडी कुणाच्या हातात देऊ शकत नाही. माझ्याही नाही."

हे शेवटचे दोन शब्द त्यांच्या तोंडून कसे निघाले, याचे मंगलबाईंना आश्चर्य वाटले.

सोमवारी, पंचमीच्या आदल्या दिवशी, सहाला गाडी अंगणात घुमू लागली. बारीक पाऊस होता. मंगलबाई चहाचे दोन कप घेऊन आल्या आणि भिजायला नको म्हणून गाडीतच, चालकाच्या जागी बसल्या. नाथाजीराव डावीकडून आत आले. दोघे चहा पिऊ लागले. पुढच्या छोट्या पडद्यावर आकडे उजळलेले होते. त्या पडद्याकडे नाथाजीरावांनी सहा वर्षांत पाहिले नव्हते. गाडीच्या कामगिरीविषयी गाडीचीच साक्ष काढणे त्यांना पटत नसे.

"आवं, ह्यो शून्य कशाचा?"

"तो या घडीचा हिशेब. एका लिटरमध्ये किती किलोमीटर."

"मग शून्य म्हंजी आता पेट्रोल लागत न्हाई?"

नाथाजीरावांना विद्यार्थी मिळाला की त्यांचा स्वर बदले. "उलट. पेट्रोल लागतंच आहे. इंजिन चालू आहे म्हणजे जळतंच. पण गाडी उभी आहे. वरती अंतर शून्य, खाली लिटर. शून्याला कितीनेही भाग, उत्तर शून्य."

"आनि ह्ये जळतंय ते पेट्रोल कुठलं?"

"कुठलं म्हणजे? टाकीतलं."

"त्याच टाकीतलं?"

"दुसरी टाकी आहे का गाडीला?" नाथाजीराव किंचित चिडून म्हणाले. "टाकी एकच. त्यातूनच..."

आणि ते थांबले.

इंजिन लय ग्वाड चालले होते. वायपर एकदा इकडे, एकदा तिकडे जात होता. नाथाजीरावांच्या डोळ्यांपुढे कारखान्याचा बगॅसचा ढीग उभा राहिला, आणि त्याच्यापुढे ती दोन खाती : पूर्वतयारीचे वेगळे, हंगामाचे वेगळे. मोटारीला बगॅसचा ढीग नव्हता. मोटारीला दुसरे खाते नव्हते. पंचवीस मिनिटे गुणिले तीस दिवस, हा गुणाकार त्यांनी कधी केला नव्हता. भागाकाराच्या नादात तो करायचा राहून गेला होता. तो आता, चहाचा कप हातात धरून, त्यांनी केला. तासाला लिटरभराहून थोडे कमी धरले, तरी महिन्याला दहा लिटर. जेवढे कमी पडत होते, तेवढेच.

त्यांनी हात लांब करून किल्ली फिरवली. इंजिन बंद झाले आणि पावसाचा आवाज ऐकू येऊ लागला.

"बंद का केली? तीस मिन्टं कुठं झाल्यात?"

"तापली."

मंगलबाईंनी त्यांच्याकडे निरखून पाहिले. नाथाजीरावांनी किल्ली काढली, आधी स्वतःच्या मुठीत धरली, मग पुढे केली.

"दोष सापडला," ते म्हणाले.

"कुणात?"

"यंत्रात दोष नव्हता. चालकातही नव्हता." त्यांनी घसा साफ केला. "कार्यपद्धतीत होता."

"कार्यपद्धती? ती कोन?" मंगलबाई शांतपणे म्हणाल्या. "आपल्या घरात तर आपुन दोघंच हाय."

नाथाजीराव चहा प्यायले. कपात चहा उरला नव्हता, तरी प्यायले.

"हे इंजिन बॉयलर नाही," शेवटी ते समोरच्या काचेकडे पाहत म्हणाले. "चालू केलं, की अर्ध्या मिनिटात निघायचं आणि पहिला किलोमीटर सावकाश जायचं. त्यातच ते तापतं. हे मी आता... तपासलं."

"आनि फाटकात बंद पडली तर?"

"तर पडली. पुन्हा चालू करायची."

"एवढंच हुतं व्हय?" मंगलबाई म्हणाल्या, आणि मग जरा वेळाने, आवाज उतरवून, "पर तुमी उठत हुता रोज सहाला, माझ्यासाठी. ते मला कळत हुतं."

यावर नाथाजीरावांनी वायपरची पाती तपासायला हवीत असे सांगितले आणि ते पावसात उतरले.

पंचमीच्या दिवशी सकाळी आठला मंगलबाई हिरवी साडी नेसून गाडीत बसल्या. डावीकडच्या जागेवर पुरणाच्या दिंडांचा डबा होता. नाथाजीराव फाटक धरून उभे. गाडी सुरू झाली, थंडच. हलली, आणि नेमकी फाटकात बंद पडली. समोरच्या गॅलरीत माणसे आलीच. नाथाजीरावांचे तोंड उघडले, पाऊल पुढे पडले. पण त्यांच्या तोंडून शब्द निघायच्या आत गाडी पुन्हा चालू झाली, वळली आणि महामार्गाकडे गेली. ते बराच वेळ फाटक धरून उभे राहिले, आणि मग सवयीने आत जाऊन गाडी नसलेल्या जागेवर तेलाचे डाग पडले आहेत का ते पाहिले. नव्हते.

सव्वानऊला शिराळ्याहून फोन आला. आवाज धोंडुबाईंचा, मागे बायांचा कालवा.

"आवं पावणं! पोचली बरं का मंगल. एकटी आली, लय झोकात आली. सगळी गल्ली बगत हुती."

"पोचली? छान. गाडी कुठे बंद..."

"न्हाई वो. काय बंद न्हाई, काय न्हाई. मी इचारलं, पावणं कुठं हायती? तर म्हनली, कार्यपद्धती घरी ठिवून आले!"

मागच्या बायांचे हसणे इतके मोठे होते की नाथाजीरावांना फोन कानापासून लांब धरावा लागला. इतका लांब धरूनही ते ऐकत राहिले, हे मात्र खरे.

सकाळी सहाला ते अजूनही अंगणात जातात. काच पुसतात, टायरांकडे नजर टाकतात. किल्ली त्यांच्याकडे नसते. ती मंगलबाईंच्या पर्समध्ये असते. ऑगस्ट महिन्यात शिराळ्याच्या फेऱ्या पाच झाल्या. सोमवार, दि. १ सप्टेंबर रोजी मलकापूरच्या त्याच पंपावर टाकी काठोकाठ भरली आणि या वेळी भागाकार मंगलबाईंनी केला. नाथाजीरावांनी तो फक्त तपासला. अंतर ५९२ किलोमीटर, पेट्रोल ३२ लिटर. लिटरमागे १८.५.